डिंभ्याच्या पाण्यावरचा धूर

बी.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती नारायणगावात, हायवेच्या कडेला, पेट्रोलपंपाशेजारच्या पत्र्याच्या खोक्यात. गाड्यांचा धूर तपासायचा आणि पीयूसीचं सर्टिफिकेट फाडून द्यायचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पिंपळवंडीहून रोज सकाळी मी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं यायचे, आणि ज्या जीपनं आले तीच कधीकधी दुपारी तपासणीला माझ्यासमोर येऊन उभी राहायची.

"केमिस्ट्री शिकून धूरच हुंगायचा व्हता, तर चुलीपुढं बसली असतीस," असं वडील म्हणायचे. पण हसून म्हणायचे. गावात कुणी विचारलं की मात्र "पोरगी सरकारमान्य मशीनवर बसती" असं छाती पुढं काढून सांगायचे.

काम सोपं होतं. गाडी उभी करायची, यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये खुपसायची आणि ड्रायव्हरला म्हणायचं, "दाबा." तो अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, यंत्रावर आकडा यायचा, संपलं. गाडी उभी आणि रिकामी. जीपवाले तरबेज होते. आधी हायवेवर एक जोरदार चक्कर मारून सगळी काजळी उडवून यायचे, आणि मी "दाबा" म्हटलं की पायाच्या अंगठ्यानं गुदगुल्या केल्यासारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबायचे. मी ओरडायचे, "भाऊ, नीट दाबा!" मग अजून थोडं. आकडा बसायचा. सर्टिफिकेट खिशात घालून जीप स्टँडवर जायची, सतरा माणसं भरायची आणि गावाबाहेरच्या चढाला लागली की मागं काळा पडदा सोडायची.

एका दुपारी एक बाई तपासणीसाठी आपली जीप घेऊन आल्या. पन्नाशीच्या आसपास, केस आखूड, सुती साडी आणि पायात बूट. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्या हवेच्या प्रदूषणावर काम करत होत्या. खोडदला, त्या मोठ्या अँटेनांच्या तिथं, त्यांची मैत्रीण नोकरीला होती, तिच्याकडे निघाल्या होत्या. अँटेनांजवळ पेट्रोलच्या गाडीची ठिणगी चालत नाही म्हणून मुद्दाम डिझेलची जीप आणलेली. मी तपासली, पास केली. तेवढ्यात समोरच्या चढावर एक वडाप काळ्या ढगात दिसेनाशी झाली.

"ती कधी तपासली होती?" बाईंनी विचारलं.

"आत्ताच. तुमच्या आधी."

"आणि पास?"

"पास."

"तुला काही वाटत नाही?"

मला जरा राग आला. मी म्हणाले, "मॅडम, मी कागदाप्रमाणं तपासते. कागदात सतरा माणसं नाहीत, आणि चढही नाही."

त्या एवढ्या हसल्या की पंपावरची माणसं वळून बघायला लागली. मग खोक्यात येऊन माझ्या स्टुलावर बसल्या आणि तासभर बोलल्या. त्यांचं खरं काम जहाजांच्या धुरावर होतं. म्हणाल्या, "जहाजाचंही असंच आहे बघ. इंजिन कारखान्यात एका जागी बसवून तपासतात, कागद देतात. तो कागद घेऊन जहाज जगभर फिरतं. बंदरात शिरताना हळू चालतं, वळतं, थांबतं. तेव्हा ते हवेत काय सोडतं, हे कुणी बघतच नाही."

मी समुद्र तोवर एकदाच पाहिला होता, अलिबागच्या सहलीला. जहाज तर फक्त चित्रात.

महिनाभरानं मॅडम परत आल्या. बंदरात मोजणी करायची त्यांची परवानगी कुठल्यातरी टेबलावर अडकली होती आणि तयार यंत्रं पुण्यात धूळ खात पडली होती. पाण्यावरून येणारा धूर पकडायचा कसा, वारा फिरला की काय करायचं, याचा सराव त्यांना हवा होता.

"समुद्र मिळेपर्यंत आपण धरण घेऊ," त्या म्हणाल्या. "डिंभ्याला डिझेलची लाँच चालते. येतेस का?"

मी मालकांकडून रजा घेतली आणि गेले.

जाताना जीपमध्ये त्यांनी मला पद्धत समजावून दिली. धुराच्या एकाच घोटातून दोन गोष्टी पकडायच्या. एक कार्बन डायऑक्साइड, त्यावरून डिझेल किती जळलं ते कळतं. दुसरी काजळी, ती पंपानं ओढून पांढऱ्या गोल कागदावर धरायची. "भाकरी किती भाजल्या ते कळलं आणि काजळी किती धरली ते कळलं, की चूल कशी आहे ते सांगता येतं ना? स्वयंपाकघरात न शिरता. तसंच. जहाजावर चढायची गरजच नाही, वाऱ्याच्या खाली उभं राहायचं." मला ते इतकं पटलं की घोडेगाव येईपर्यंत मी मनातल्या मनात रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांच्या चुली तपासत होते.

डिंभ्याचं धरण भरायला लागून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. पाणी वर चढलं तसे जुने रस्ते बुडाले, आणि पलीकडच्या वाड्यांना बाजाराला यायचं म्हणजे लाँच हाच रस्ता उरला. लाँच चालवणारे गृहस्थ साठीचे होते. काटक, डोक्याला टॉवेल, कानावर विडी. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागले. पूर्वी ते भाताची शेती करायचे. शेत पाण्याखाली गेल्यावर इंजिन शिकले.

मॅडमनी त्यांना सगळं नीट सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, मान हलवली, "मोजा की," म्हणाले. पण चेहरा बंद.

दुसऱ्या दिवशी आम्ही काठावर यंत्रं मांडली. मामा लाँच घेऊन आमच्यासमोरून गेले. रिकामी लाँच, चकचकीत पुसलेली, आणि इतकी सावकाश की काठावरची म्हैस तिच्यापुढं गेली असती. कागद काढून बघितला तर राखेचा हात फिरवल्यासारखा, जेमतेम मळका.

"लाँच तर चांगलीच आहे," मॅडम म्हणाल्या. आनंद व्हावा की वाईट वाटावं हे त्यांना ठरवता येईना.

मामांचा हात मी पाहिला होता. इंजिनाचा वेग वाढवायची कांडी ते दोन बोटांनी अशी हळुवार धरून होते, जशी आमचे जीपवाले पायाच्या अंगठ्यानं गुदगुल्या करायचे.

"मॅडम, ही तपासणी मी ओळखते," मी म्हणाले. "उद्या बाजार आहे. परतीच्या फेरीला लाँच भरेल. मी पाटीत पंप लपवून बसते."

"लपवून नको. त्यांना सांगून जा."

"सांगितलं तर पुन्हा दोन बोटांनी चालवतील."

मॅडमना ते आवडलं नाही. दोनदा म्हणाल्या, "बघ बाई." पण मी ऐकलं नाही. बाजारातून टोमॅटो घेतले, पाटीच्या तळाला पंप आणि बॅटरी, त्यावर फडकं, त्यावर टोमॅटो, आणि नळीचं तोंड पाटीच्या कडेला. डोक्यावर पदर घेऊन परतणाऱ्या बायकांत जाऊन बसले, तेही मागं, धुराच्या नळकांड्याजवळ.

लाँच भरली. मीठ, तेलाचे डबे, एक पत्र्याची पेटी, दोन बकऱ्या आणि माणसं. मामांनी कांडी पूर्ण ओढली, इंजिन खोकलं आणि मागं तोच ओळखीचा काळा पडदा. बायकांनी न बोलता, सवयीनं, नाकाला पदर लावले. मी पंपाचं बटण दाबलं.

शेजारच्या मावशींनी माझ्याकडं वळून विचारलं, "पोरी, कुणाच्यात चाललीस?"

"मैत्रिणीकडं."

"कंच्या वाडीला?"

मला एकाही वाडीचं नाव आठवेना. त्यात मामांनी कांडी जरा सैल केली, इंजिनाचा आवाज उतरला आणि पाटीतला पंप ऐकू यायला लागला. गुर्रर्र.

"पाटीत कोंबडी हाय का?"

"न्हाई मावशी."

"मग मांजार?"

आता सगळी लाँच बघत होती. एक बकरीही वाकून हुंगायला लागली. मी हरले. टोमॅटो ओच्यात काढले, फडकं बाजूला केलं आणि पंपातून कागद सोडवला. तव्याच्या बुडासारखा काळा होता. मी काही बोलायच्या आधी तो मावशींनी घेतला, मग पुढच्या बाईनं, मग तिच्याही पुढच्या माणसानं. हातोहात तो अख्खी लाँच फिरला.

"हे आमच्या नाकात जातंय व्हय?" कुणीतरी म्हणालं.

"तरीच पदर धुतला की पाणी असलंच निघतं," मावशी म्हणाल्या.

कागद मामांच्या हातात पोचला तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं. भर पाण्यात. एकदम इतकं शांत झालं की लाँचच्या कडेला लागणारं पाणी ऐकू येत होतं. मामा माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"लाँच बंद पाडायला आलाय तुमी?"

"नाही मामा."

"माझं गाव ह्या पाण्याखाली हाय, पोरी. वरच्या वाड्यांना ह्या लाँचबिगर वाट न्हाई. आजारी माणूस ह्यातूनच जातंय, नवरीबी ह्यातूनच येती. तुला काय इचारायचं व्हतं ते तोंडावर इचारायचं. चोरून कशाला?"

त्यांचं बरोबर होतं. मॅडमनीही हेच सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं असं मी नंतर मॅडमना सांगितलं, पण ते धुराचं नव्हतं.

"चुकलं माझं, मामा," मी म्हणाले. "पण काल तुम्हीही मला दोन बोटांनी लाँच चालवून दाखवलीत."

मामांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तुला कसं कळलं गं?"

"तीन वर्षं रोज तेच बघतेय. नारायणगावचे जीपवाले तुमच्यापेक्षा हुशार आहेत, ते पायानं करतात."

आधी मावशी हसल्या, मग सगळे. मामा शेवटी हसले, पण जास्त वेळ हसले. मग इंजिन चालू करायला गेले आणि जाता जाता म्हणाले, "उद्या खरं मोजा. मी कांडी पुरी वडतो. पर लाँच बंद हुणार न्हाई, हे त्या बाईंच्या तोंडून मला पायजे."

मॅडमनी ते तोंडानं सांगितलंच, वर म्हणाल्या, "बंद करून धूर थांबवायला अक्कल लागत नाही. चालू ठेवून कमी करता आला पाहिजे."

पुढचे आठ दिवस आम्ही खरं मोजलं. बाजार नसेल त्या दिवशी लाँच भरायची कशी, हा प्रश्न होता. मामांनी वाळूची पोती आणायचं ठरवलं, तर मावशींनी निरोप धाडला, "पोती कशाला? आमी वजन हाय." पंधरा बायका निवडायला घेतलेले तांदूळ आणि सुपं घेऊन लाँचीत येऊन बसल्या आणि दिवसभर गप्पा मारत पाण्यावर फिरल्या. मी काठावर, मॅडम एका लहान होडीत. काठाला बांधलेली, रिकामी सावकाश, रिकामी जोरात, भरलेली वाऱ्याबरोबर, भरलेली वाऱ्याविरुद्ध. प्रत्येकाचा वेगळा कागद. एकाच लाँचीचे कागद एकमेकांशेजारी ठेवले तर ते एकाच इंजिनाचे आहेत यावर कुणाचा विश्वास बसला नसता. लिटरभर डिझेल तेच, पण भार घेतला की काजळी कितीतरी पटीनं जास्त.

मॅडमचं काम तिथं संपत होतं. त्यांना आकडे हवे होते, ते मिळाले. पण मामा तो काळा कागद खिशात घेऊन फिरत होते. मी त्यांना म्हणाले, "चला, नारायणगावला एका शेठकडं जाऊ."

हे शेठ इंजिनाच्या सुट्या भागांचे दुकानदार. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले जैन, पण शेठ बोलायला लागले की माझ्यापेक्षा जास्त जुन्नरी वाटायचे. मामांनी नळकांड्यापासून सगळं वर्णन केलं. शेठ म्हणाले, "राव, गोष्ट नगं सांगू. नॉझल काढून आण."

नॉझल म्हणजे ज्यातून डिझेल इंजिनात फवारलं जातं ती तोटी. दुसऱ्या दिवशी मामांनी ती फडक्यात गुंडाळून आणली. शेठनी ती नॉझल तपासायच्या हातपंपाला लावून दांडा मारला. धुकं यायला हवं होतं, तिथं थेंब पडायला लागले.

"बघ. डिझेल जळतच न्हाई, नुसतं करपतंय. लई वर्सं झाली असतील बदलून."

"कुणी सांगितलंच न्हाई," मामा म्हणाले. "तपासणीचा सायेब दरसाल येतो, काठाला बांधून चालू करतो, बरं हाय म्हणतो."

शेठनी नवं नॉझल दिलं, डिझेलच्या पंपाचं टायमिंग कसं लावायचं ते मामांना समजावलं आणि नळकांडं माणसांच्या डोक्यावर जाईल इतकं उंच करायला सांगितलं. वर म्हणाले, "मी सोता येऊन बघणार. माझं काम कागदावर कसं दिसतं ते मला बघायचंय."

ते खरंच आले, पांढऱ्याशुभ्र शर्टात. दुपार कलली होती. शेठ सूर्यास्ताच्या आत जेवणारे, त्यामुळं सारखे डोंगराकडं बघत होते. लाँच भरली, मावशी पहिल्याच रांगेत. मामांनी कांडी पूर्ण ओढली. मागं फिकट राखाडी धूर, तोही वरच्या वर निघून गेला. मी कागद काढला. पहिल्या दिवसाच्या फसव्या कागदाइतका पांढरा नव्हता, पण त्याच्या बराच जवळ. शेठनी तो उन्हात धरून पोराच्या पेपरातले मार्क बघावेत तसा बघितला.

परत फिरलो तर समोरून वारा सुटला आणि लाँच रेंगाळली. ऊन डोंगराला टेकायला आलं. शेठनी एक सुस्कारा टाकला, पिशवीतून डबा काढला आणि भर पाण्यात मेथीच्या पुऱ्या वाटायला सुरुवात केली. मावशींनी त्यांना भाजलेल्या शेंगा दिल्या. इंजिनाजवळ बसून, शर्टाला डाग न पडता, शेठ वेळेत जेवले. याचंच त्यांना नॉझलपेक्षा जास्त कौतुक वाटलं असावं, कारण पुढं कित्येक दिवस दुकानात येणाऱ्याला ते हेच सांगत होते.

दोन महिन्यांनी वर्षाची तपासणी आली. मामांनी मला निरोप धाडला, मी मॅडमना कळवलं, आणि आम्ही दोघी गेलो. साहेब भले होते, पण घाईत. त्यांच्या फॉर्ममध्ये छापलेलं होतं की लाँच रिकामी, काठाला बांधून, इंजिन चालू करून पाहावं. धुराविषयी एकच शब्द: समाधानकारक की नाही.

"सायेब, भरून बघा," मामा म्हणाले.

"फॉर्ममध्ये रिकामी लिहिलंय."

"रिकाम्या लाँचीत बसतंय कोण?"

मॅडमनी त्यांच्यापुढं तीन कागद ठेवले: काठाला बांधलेल्या लाँचीचा, दुरुस्तीआधीच्या भरलेल्या लाँचीचा आणि दुरुस्तीनंतरचा. साहेबांनी चष्मा वर करून ते एकेक उचलून बघितले. "हा मधला… मी याच लाँचीला समाधानकारक लिहीत होतो?"

"तुम्ही फॉर्मप्रमाणं लिहीत होता," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "नियम जेवढं मोजायला सांगतो तेवढंच दिसतं. म्हणून नियमात काय मोजायचं ते लिहायला हवं. आणि जी लाँच नापास होईल तिला आधी दुरुस्तीची मुदत द्या."

"फॉर्म वरून येतो, बाई. मला बदलता येत नाही."

पण ते लाँचीत बसले. मामांनी मुद्दाम त्यांना मागं बसवलं. परत आल्यावर शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: भारासह, पाण्यात चालवून पाहिले. सोबत मॅडमच्या अहवालाची प्रत वर पाठवली. पुढच्या वर्षी मामांनी मला नवा फॉर्म दाखवला. ती ओळ छापून आली होती, आणि खाली दुरुस्तीच्या मुदतीची दुसरी. आमच्या त्या एवढ्याशा पाण्यापुरतंच होतं ते, पण मी घरी जाऊन आईला तो फॉर्म वाचून दाखवला.

त्याच सुमाराला मॅडमना बंदराची परवानगी मिळाली, निदान ती द्यायची की नाही हे ठरवायला बैठक तरी लागली. मॅडम मला मुंबईला घेऊन गेल्या. लांबट टेबल, गार खोली, सगळे इंग्रजीत बोलत होते. एका अधिकाऱ्यांनी विचारलं की जहाजावर पाऊल न ठेवता, लांबून, तुम्ही त्याच्या इंजिनाबद्दल काय सांगणार? मॅडमनी माझ्याकडं हात केला. "ही सांगेल."

माझं इंग्रजी जागच्या जागी गोठलं. मी मराठीतच सुरुवात केली. सतरा माणसांची जीप सांगितली, दोन बोटांची लाँच सांगितली, पाटीतला पंप सांगितला. कोपऱ्यात एक वयस्कर अधिकारी बसले होते, पूर्वी जहाजावर कप्तान असलेले. ते मध्येच मराठीत म्हणाले, "आणि ते टोमॅटो?"

"मावशींना दिले, साहेब."

खोलीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. त्या दिवशी ठरलं ते एवढंच: एक हंगामभर काठावरून मोजायचं, आणि ज्या जहाजाचा धूर संशयास्पद दिसेल त्याची नोंद तपासनिसांना द्यायची, म्हणजे सगळ्या जहाजांवर चढण्यापेक्षा नेमक्यांवर चढता येईल. त्यावरून कुणाला दोषी धरायचं नाही, फक्त कुठं बघायचं ते कळवायचं. मॅडमना आणखी हवं होतं, पण बाहेर आल्यावर त्यांनी मला दोन वेळा उसाचा रस पाजला.

मी खोक्यातली नोकरी सोडली आणि मॅडमकडं लागले. बंदरावर पहिलं मोठं जहाज समोरून गेलं तेव्हा मी कागद बदलायचाच विसरले. एवढं मोठं काहीतरी इतक्या हळू सरकू शकतं हे मला माहीत नव्हतं. पण वारा फिरला की कुठं पळायचं, ते माझ्या पायांना डिंभ्यानं शिकवलेलं होतं. दोन आठवड्यांनी आम्ही पहिली नोंद पाठवली, एका जहाजाची, आणि मी चार दिवस सुट्टीवर पिंपळवंडीला आले.

घरी फोन नव्हता, शेजारी होता. सकाळी मी विहिरीवर असताना मॅडमचा फोन आला, तो वडिलांनी घेतला. तपासनीस त्या जहाजावर चढले होते आणि इंजिनात आम्ही कळवल्यासारखाच बिघाड निघाला होता. मॅडमनी हे सगळं वडिलांना सांगितलं असणार. वडील बांधावरून घाईघाईनं आले, धोतर एका हातात धरून, आणि लांबूनच ओरडले, "अगं, तुझं जहाज सापडलं म्हणत्यात!"

मी बादली ठेवून उड्याच मारायला लागले. वडील जवळ आले आणि काळजीनं म्हणाले, "पर एवढालं जहाज हरवलं व्हतं कुठं?"